अठरा दगडांची रांग

परळला आमच्या रस्त्यावर एक दगडी वेस होती. ती कोणी बांधली हे मला आजही सांगता येत नाही. चाळीतले लोक तिला पोर्तुगिजांची म्हणत. शाळेतले गुरुजी ती इंग्रज गव्हर्नराच्या काळातली आहे असे शिकवत. वेशीला टेकून बसणारा नारळवाला म्हणे की हे एका शेटजींच्या बागेचे फाटक, बाग गेली आणि फाटक राहिले. वेशीवर कुठेही अक्षर नव्हते. कमानीच्या मधोमध, सर्वांत वरच्या दगडावर, आठ पाकळ्यांचे एक फूल कोरलेले होते.

वेशीखालून एका वेळी एकच मोठे वाहन जाई. कापसाच्या गाठी भरलेली लॉरी आली की अलीकडे थांबे. क्लीनर उतरून वर पाही, गाठी कमानीला लागणार नाहीत याची खात्री करून ड्रायव्हरला हात करी. तोवर मागे बस, दोन-तीन टॅक्सी, हातगाड्या आणि तेलाच्या पिंपांची बैलगाडी उभी राही. पाळी सुटण्याच्या वेळी गिरणीतून निघालेली माणसे या सगळ्यांमधून अंग चोरून जात. वेस पाडून टाकावी, अशी मागणी बरीच वर्षे होती. अखेर ठरले ते वेगळेच. वेस पाडायची नाही, हलवायची. दगड सुटे करायचे आणि रस्त्याच्या कडेला, नव्वदेक पावलांवरच्या मोकळ्या जागेत, होती तशी पुन्हा उभी करायची.

ती वर्षे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची होती. गोळीबारात आमच्या भागातली माणसे गेली होती. आठवड्यातून एखादी सभा तरी होईच, आणि हरताळ पडला की रस्त्यावर चिटपाखरू नसे. मी गिरगावात एका मराठी दैनिकात उमेदवारी करत होतो. मुद्रिते तपासणे, पोलीस चौकीतून बातम्या आणणे, सभांना जाऊन वक्त्यांची भाषणे टिपणे, अशी कामे माझ्याकडे होती.

वेस हलवण्याचे काम माझ्या वडिलांकडे आले. रस्त्यांची कामे करणाऱ्या एका कचेरीत ते नोकरीला होते. त्यांच्या हुद्द्याला इंग्रजीत लांबलचक नाव होते, पण साइटवर सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्तीला सहा महिने उरले होते. आम्ही राहत होतो ती परळची खोली कचेरीची होती. निवृत्तीनंतर महिन्याभरात ती सोडावी लागणार होती. माझी उमेदवारी संपून मला पगार सुरू व्हायला आणखी एक वर्ष होते, आणि त्या वर्षात राहायचे कुठे हा घरातला एकमेव प्रश्न होता. वडिलांच्या साहेबांनी त्यांना सांगितले होते, "मास्तर, वेस होती तशी उभी करून दाखवा. कागदपत्रं चोख ठेवा. एक वर्षाची मुदतवाढ मी मिळवून देतो." वडिलांनी हे घरी येऊन शब्दशः सांगितले. आईने ते शेजारी सांगितले नाही. काम होईपर्यंत सांगायचे नाही असे तिने ठरवले होते.

वडिलांनी प्रत्येक दगडावर क्रमांक घातला. खांबांचे दगड चौकोनी आणि एका मापाचे होते, ते मागेपुढे झाले असते तरी चालले असते. कमानीचे तसे नव्हते. फुलाचा दगड सोडला तर कमानीत अठरा दगड होते. प्रत्येक दगड एका बाजूला निमुळता, पण प्रत्येकाचा उतार किंचित वेगळा. कोणी तरी हाताने, डोळ्यांच्या अंदाजाने घडवलेले. एक ते अठरा हे आकडे वडिलांनी स्वतः घातले, चुन्याने. तेलरंग मागितला होता. भांडारातून सांगण्यात आले की या महिन्याचा तेलरंग संपला आहे. एका वहीत त्यांनी कमान काढली आणि तिच्यात तेच आकडे लिहिले. मग दगड उतरवले. फुलाचा दगड कोरीव म्हणून कचेरीत नेऊन ठेवला. बाकीचे अठरा, क्रमाने, रस्त्याच्या कडेला एका रांगेत मांडले. रांगेचे एक टोक रेल्वेच्या पुलाकडे आणि दुसरे गिरणीकडे होते.

पुढच्याच आठवड्यात हरताळ पडला. भर दुपार होती. आमच्या चाळीत दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक मित्र होता आणि गिरणीत काम करणारा दुसरा. आम्ही तिघे रिकाम्या रस्त्याने चाललो होतो. पेंटरने रांगेकडे पाहिले आणि दगड मोजले.

"अठरा," तो म्हणाला.

"मग?"

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मोज."

मी बोटांवर अक्षरे मोजली. अठरा भरली. जोडाक्षर एक धरून.

पेंटर घरी जाऊन लाल तेलरंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. त्याने एका दगडावर एक अक्षर काढले, मग पुढच्यावर पुढचे. मी डबा धरून पुढचे अक्षर सांगत होतो. गिरणीवाला पहाऱ्यावर होता. वडिलांचे आकडे दगडाच्या कोपऱ्यात लहान होते. त्यांना धक्का लागू नये म्हणून अक्षरे मध्यावर काढायची असे आम्ही ठरवले आणि ते पाळले. अर्ध्या तासात काम झाले. पेंटरने शेवटच्या दोन अक्षरांना काळी सावलीही दिली. गिरणीवाला त्याच्यावर ओरडला, "अरे लग्नाची पाटी आहे का ही? चल!"

घरी आईने माझ्या हातांकडे पाहिले. "ह्यां काय लागलां तुझ्या नखांक?" एवढेच विचारले आणि उत्तराची वाट न बघता घासलेटचा बोळा आणून दिला.

दगडांवरचे लेखन पुसून टाकण्याचा हुकूम दोन दिवसांनी निघाला. हुकूम कोणाचा, याची मी नंतर तीन ठिकाणी चौकशी केली. कंत्राटदाराच्या माणसाने पोलिसांकडे बोट दाखवले. चौकीवर म्हणाले, आम्ही फक्त तक्रार कळवली. तिसऱ्या ठिकाणी असा हुकूम निघालाच नाही असे सांगण्यात आले. हुकुमाचे शब्द मात्र मला साइटवर पोचलेल्या मुकादमाकडून कळले. "दगडांवर जे काही लिहिलंय ते सगळं साफ करा," असे त्याला सांगितले होते. त्याने ते सगळे साफ केले. मजुरांनी तारेच्या ब्रशने आणि पाण्याने आमची अक्षरे घासली आणि त्याच हाताने वडिलांचे आकडेही घासले. बाजूंवर काही राहू नये म्हणून दगड लोळवून उलटेपालटे केले आणि शेवटी एका जागी ढीग रचला.

त्या दिवशी वडील दुसऱ्या साइटवर होते. संध्याकाळी ते आले तेव्हा मुकादम खूश होता. "मास्तर, एक ठिपका ठेवला नाही," तो म्हणाला.

वडील दगडांजवळ उकिडवे बसले. एका दगडाच्या कोपऱ्यावरून त्यांनी बोट फिरवले. मग त्यांनी विचारले, "आकडे?"

"ते पण."

बातमी माझ्याच वाट्याला आली. वृत्तसंपादक म्हणाले, "तू तिथेच राहतोस ना? तीन ओळी दे. कोणी लिहिलं, कोणी पुसलं, कधी." मी लिहिले की अज्ञात इसमांनी दगडांवर घोषणा लिहिली व ती नंतर पुसण्यात आली. वृत्तसंपादकांनी "अज्ञात इसम" याखाली रेघ मारली आणि माझ्याकडे पाहिले. "परळमध्ये कोणी अज्ञात असतं का रे?" असे म्हणून त्यांनी बातमी पुढे पाठवली. आकडे पुसले गेल्याचे मी त्या बातमीत घातले नाही. ते महत्त्वाचे आहे की नाही, हे मला ठरवता येईना.

वडिलांनी पाथरवटाला घेऊन तीन दिवस दगड जुळवून पाहिले. जमिनीवर कमान आखायची, दगड मांडायचे, फटी पाहायच्या, पुन्हा काढायचे. प्रत्येक दगड तीन-चार जागी जवळपास बसे. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी लागलेली माती धुवायला एका दगडावर बादलीभर पाणी ओतले आणि ओल्या दगडावर 'यु' दिसू लागला. चुना निघून गेला होता. तेलरंग मात्र दगडाच्या छिद्रांत मुरला होता. दगड वाळला की अक्षर जाई. पुन्हा पाणी टाकले की दिसे.

दुपारी चहाच्या वेळी ते घरी आले. मी कामावर निघायच्या तयारीत होतो.

"मी अक्षरं मोजली," ते आईला म्हणाले. "अठरा आहेत. रांग माझ्या आकड्यांनीच लावलेली होती. म्हणजे घोषणा लावली की रांग परत मिळते. फक्त एक गोष्ट कळत नाही. ती लिहिणाऱ्यालाच माहीत असणार."

"लिवणाऱ्याक पोलीस पण शोधतत," आई म्हणाली. तिने माझ्या कपात पुन्हा चहा ओतला. कप भरलेलाच होता, तो बशीत सांडला.

मी विचारले, "लिहिणाऱ्याला काय विचारायचं आहे?"

"पहिलं अक्षर कुठल्या टोकाला होतं. माझा एक नंबर पुलाच्या टोकाला होता. 'मुं' पुलाकडे असेल तर तो एक नंबर. गिरणीकडे असेल तर तो अठरावा, आणि सगळी कमान उलटी."

"अक्षर ज्या बाजूने सरळ दिसतं त्यावरून नाही कळत?"

"कळलं असतं. पण कुठल्या दगडाचं निमुळतं टोक कुठे होतं ते मी लिहून ठेवलं नाही. आकडे होते ना. कशाला लिहू?"

"पुलाच्या टोकाला," मी म्हणालो.

वडिलांनी कप खाली ठेवला. ते रागावले नाहीत. कोण कोण होते, हेही विचारले नाही.

"खात्री?"

"हो."

हे उत्तर मी ताबडतोब दिले होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत आम्हाला तेच शिकवत: विचारले की सांगता आले पाहिजे. जिना उतरताना मात्र मी ती दुपार डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. मला डबा दिसला, ब्रश दिसला, पेंटरच्या मानेवरचा घाम दिसला. माझी सावली कुठे पडली होती ते दिसेना. आपण पुलाकडून आलो होतो, म्हणून सुरुवात पुलाकडून केली असणार, एवढाच माझा आधार होता. पण पेंटर रंग आणायला घरी गेला होता, आणि घर गिरणीच्या बाजूला होते.

मी त्या दोघांना गाठले. चाळीच्या खालच्या हॉटेलात आम्ही बसलो.

"गिरणीच्या टोकाला," गिरणीवाला म्हणाला. "मी गिरणीच्या फाटकावर डोळा ठेवून होतो ना. तू पहिलं अक्षर सांगितलंस ते माझ्या शेजारी उभं राहून."

"तू त्या दिवशी घाबरून चारही बाजूंना बघत होतास. तुझं काय धरायचं?" पेंटर म्हणाला.

"मग तू सांग! लिहिलंस तू."

"मी अक्षर बघत होतो रे. टोक कोण बघतं?"

"एवढं मोठं लिहिलंस आणि कुठून लिहिलंस ते माहीत नाही?"

"पाट्या रंगवतो मी. कुठल्याही बाजूनं लिहितो. काचेवर उलटं पण लिहितो, बोल!"

आम्ही तिघेही रांग होती तिथे गेलो. तिथे आता खडीचा ढीग होता. पेंटर हातात ब्रश आहे असे धरून दोन्ही टोकांना वाकून पाहू लागला. दोन्हीकडे त्याला बरोबर वाटत होते. नारळवाल्याला विचारले, तर तो म्हणाला की त्या दिवशी हरताळ होता, मी कशाला येऊ.

हे सगळे मी वडिलांना सांगितले. मी पुलाकडे म्हणतो, एक जण गिरणीकडे म्हणतो, लिहिणाऱ्याला आठवत नाही. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी पाथरवटाने घोषणा पुलाकडून लावून पाहिली आणि मग गिरणीकडून लावून पाहिली. मी तिथे होतो. दगड सारखे ओले करावे लागत होते. जमिनीवर ती घोषणा एकदा सुलट आणि एकदा उलट, अर्धवर्तुळात पडलेली होती. रस्त्यावरून जाणारी माणसे थांबून वाचायचा प्रयत्न करत होती. एक हवालदारही थांबला, पण तोवर अलीकडचे दगड वाळले होते.

"मास्तर, दोन्हीकडनं बसत्यात," पाथरवट म्हणाला. "पण कुठनंच झकास बसंना."

"आधी बसत होते," वडील म्हणाले.

"आधी मी नव्हतो. आधी कसं बसत हुतं ते ज्यानं बसवलं त्याला ठावं."

लाकडी साचा चढवून झाला होता. साहेब शनिवारी पाहायला येणार होते. शुक्रवारी मला गिरगावात सभेच्या बातमीसाठी दिवसभर थांबावे लागले. मी परतलो तेव्हा कमान पूर्ण झाली होती. फुलाचा दगड मधोमध बसवलेला होता आणि त्याच्या डाव्या अंगाला करंगळीएवढी फट चुन्याने भरलेली दिसत होती. पूर्वी अशी फट होती का? मी त्या वेशीखालून लहानपणापासून गेलो होतो. मला सांगता आले नाही. कंत्राटदाराच्या माणसांनी सगळ्या दर्शनी दगडांवर टाकी मारून नवा खरखरीतपणा आणला होता. आता पाणी टाकले तरी काही दिसणार नव्हते. वडिलांनी कमान कुठल्या बाजूने लावली, हे त्यामुळे मला कळू शकले नाही. ते घरी आले, जेवले, झोपले.

शनिवारी साहेब आले. त्यांनी वेस पाहिली, फुलाकडे बोट करून "छान" म्हणाले आणि रस्ता अजून खणलेला का आहे, असे विचारले. वेस आता रस्त्याच्या बाजूला होती. तिच्यातून कोणी कुठे जात नव्हते. जिथे ती पूर्वी होती तिथे रस्ता मोकळा झाला होता, आणि पंधरा दिवसांत त्या मोकळ्या जागेत लॉऱ्या उभ्या राहू लागल्या. बस पूर्वीसारखीच त्यांच्यामागे थांबे.

उरले होते ते रजिस्टर. वेस होती तशीच पुन्हा उभी केली, असे वडिलांनी त्यात लिहायचे होते आणि शेजारच्या रकान्यात त्याला आधार काय तो द्यायचा होता. मूळ आकडे असते तर तिथे "मूळ क्रमांक" लिहून सही करता आली असती. वडिलांनी इतर सगळे रकाने भरले. दगडांची लांबी, रुंदी, चुना, वाळू, मजूर, दिवस. आधाराचा रकाना रिकामा ठेवला.

रजिस्टर परत आले. त्यांनी ते तसेच पुन्हा पाठवले. ते पुन्हा परत आले. तिसऱ्या वेळी ते स्वतः घेऊन गेले. जड होते, म्हणून मी बरोबर गेलो.

कचेरीतला कारकून त्यांना वीस वर्षे ओळखत होता. त्याने ते पान उघडले.

"मास्तर, अहो एक ओळ. मुदतवाढीचा कागद याच्या खाली अडकलाय. 'अनुभवावरून' लिहा."

"अनुभवावरून नाही लावले."

"मग 'अंदाजे' लिहा."

"अंदाजे लिहिलं तर होती तशी असं वर कसं लिहू?"

"मग कशावरून लावले? कोणी सांगितलं तर त्याचं नाव लिहा. साक्ष म्हणून. प्रश्न मिटला."

मी म्हणालो, "मी—"

"हा वर्तमानपत्रात आहे," वडील कारकुनाला म्हणाले. "याला काही विचारू नका."

कारकून हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर मिटून टेबलावर सरकवले आणि आम्ही बाहेर आलो. मुदतवाढ आली नाही. नाकारल्याचेही पत्र आले नाही. निवृत्तीची तारीख आली आणि गेली, आणि खोली सोडण्याची नोटीस मात्र वेळेवर मिळाली.

यानंतर मी बरीच वर्षे बातमीदारी केली. माणूस एखादी गोष्ट का करतो, हे दोन साक्षीदारांवरून ठरवायचे, ही माझी सवय झाली. या गोष्टीला दोन साक्षीदार नव्हते. माझे नाव कचेरीच्या कागदावर, आणि तिथून चौकीत जाऊ नये म्हणून वडिलांनी रकाना रिकामा ठेवला, असे आई म्हणे. ते शक्य आहे. पण माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता आणि जे खरे आहे याची खात्री नाही ते त्यांना लिहायचे नव्हते, हेही तितकेच शक्य आहे. त्यांनी कमान गिरणीकडून लावली असेल तर माझे नाव लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. मग गिरणीवाल्याचे का लिहिले नाही? त्याला त्यांनी कधी विचारलेही नव्हते. त्याचे म्हणणे त्यांच्यापर्यंत माझ्याकडूनच पोचले होते. मी हे अनेकदा मांडून पाहिले आहे. कुठल्याही बाजूने मांडले तरी कुठे तरी फट राहते.

खोली सोडली त्या सकाळी दादरला एका नातेवाइकांकडे तात्पुरते जायचे होते. हातगाडी खाली उभी होती. भांडी, ट्रंका, शिवणयंत्र असे सगळे चढवून झाले होते. वडील गाद्यांची वळकटी बांधत होते. आई खोलीत शेवटचा केर काढत होती. मी त्यांना विचारले, "बाबा, शेवटी कुठून लावलीत? पुलाकडून की गिरणीकडून?"

त्यांनी वळकटीवर गुडघा दाबला.

"ही दोरी धर," ते म्हणाले. "सैल पडतेय."

मी दोरी धरली. त्यांनी गाठ मारली आणि गाडीवाल्याला हाक दिली.